पातं तुटलं ती जागा

मृगाच्या तोंडावर वावरावावरांत रोटाव्हेटर फिरू लागला की आठ-पंधरा दिवसांतच वेल्डिंगच्या दुकानांपुढे तुटक्या पात्यांचा ढीग साचतो. यवतमाळ-वर्ध्याकडची काळी जमीन वरून लोण्यासारखी मऊ दिसते, पण तिच्या पोटात कुठे बेसाल्टचा धोंडा दबा धरून बसलाय ते कळत नाही. पातं त्यावर आदळतं, ठण्ण आवाज होतो, ट्रॅक्टर थांबतो. पुढे काय होणार ते ठरलेलं. दोन्ही तुकडे हातात घ्यायचे, तुटलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या आणि "हे पाहा, इथून गेलं" म्हणत दोन-तीनदा घासून दाखवायचं.

पातं का तुटलं याची साक्ष त्याच कडेवर असते आणि त्या दोन-तीन घासण्यांत ती पुसली जाते. तुटलेल्या पृष्ठभागावरचे उंचवटे-खळगे काही मायक्रॉनांचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन रुंद. एवढ्या नाजूक नक्षीवर पोलादाने पोलाद घासलं की ती चेपते, चकाकते, आणि मग जगातला सगळ्यात महागडा सूक्ष्मदर्शक आणला तरी त्याला ती घासणीच दिसते. मायक्रोस्कोपीवर जे काही कौतुकाने लिहिलं जातं त्यात यंत्राचं नाव आणि त्याची वर्धनशक्ती पहिल्या ओळीत असते. यंत्रात जाण्याआधी नमुन्याचं काय झालं, हे बहुतेक वेळा कुणी लिहीतच नाही. या धंद्यात खरं-खोटं मात्र तिथेच ठरतं.

तर तुटल्या जागी पहिलं काम म्हणजे फोटो, आणि तोही धुण्याआधी, शेजारी मोजपट्टी ठेवून. कडेचा काही भाग तांबूस किंवा काळपट, मातीने भरलेला आणि उरलेला भाग ताजा, राखाडी-चकचकीत असेल, तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं. गंजलेला भाग ही जुनी भेग. धोंड्याने फक्त शेवटचा धक्का दिला, मरण आधीच सुरू झालं होतं. फोटो झाला की स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडायची, मग स्पिरिटने धुऊन फुंकणीने किंवा केस वाळवायच्या यंत्राने कोरडं करायचं. तारेचा ब्रश लावायचा नाही, पॉलिश पेपर तर नाहीच. वर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात. ग्रीस नको, ते खळग्यांत बसतं आणि निघता निघत नाही. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळायचे. नुसत्या पॉलिथिनमध्ये बांधले तर पावसाळी हवेत आतून घाम सुटतो आणि दोन दिवसांत नव्या गंजाची साय येते. बुटांच्या खोक्यात निघणारी सिलिका जेलची पुडी सोबत टाकली तर तुकडा आठवडाभर टिकतो.

आता दहापट वर्धनाचं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं. भिंग डोळ्याजवळ आणि तुकडा हळूहळू भिंगाकडे, हा क्रम. उलट केलं की डोळा शिणतो. टॉर्चचा उजेड वरून नको, बाजूने तिरपा पडू द्या, म्हणजे उंचवट्यांच्या सावल्या पडतात. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकाआड एक गोलसर रेघा दिसल्या, तर भेग टप्प्याटप्प्याने वाढली आहे. याला इंजिनिअर लोक फटीग म्हणतात, आपण लोखंड थकलं म्हणतो. त्या रेघांच्या वर्तुळाचा मध्य शोधत मागे गेलं की भेगेचं उगमस्थान सापडतं. बहुतेकदा ते बोल्टाच्या भोकाच्या काठाला असतं, नाहीतर घणाचा वण किंवा जुन्या वेल्डिंगचा टोक. कडेवर बाणांच्या टोकांसारख्या खुणा असतील तर त्यांची टोकंही उगमाकडेच बोट दाखवतात. पृष्ठभाग खडीसाखर फोडल्यासारखा, लहान लहान सपाट बाजूंनी चमकणारा असेल तर पोलाद ज्या बारीक स्फटिककणांचं बनलेलं असतं त्यांच्या सांध्यांतून ते सुटलं आहे. म्हणजे ते भट्टीत जास्त तापलं असेल किंवा हायड्रोजन आत शिरून ठिसूळ झालं असेल. हायड्रोजन कुठून आला म्हणाल, तर पावसाळ्यात ओलावलेल्या वेल्डिंगच्या रॉडमधून. ७०१८ जातीचे रॉड उघड्यावर पडून दमट झाले तर वापरण्याआधी ३०० ते ३५० अंश सेल्सिअसवर तास-दोन तास भाजावे लागतात. गावातल्या दुकानात ते कोण भाजतो? पात्याच्या धारेवर कडक थर चढवून देतात, पातं त्या दिवशी ठीक दिसतं आणि जोडाच्या शेजारी भेग कधी कधी दोन दिवसांनी उघडते. मग दोष धोंड्यावर जातो.

इथपर्यंतची मायक्रोस्कोपी गावात होते. एक भिंग, एक टॉर्च आणि घाई न करणारा माणूस, एवढंच लागतं.

याच्या पुढे जायचं तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, लोखंडातून उजेड आरपार जात नाही. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून येतो, म्हणून कांद्याची साल दिसते आणि खिळा दिसत नाही, त्याची नुसती काळी सावली दिसते. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८६३ साली पोलाद आरशासारखं घासून, त्यावर सौम्य आम्ल लावून, वरून उजेड टाकून पाहिलं, तेव्हा लोखंडाच्या आतलं नकाशाकाम पहिल्यांदा नीट दिसलं. त्यातल्या एका भागाला शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी मोतिया झाक होती, म्हणून आजही त्याला पर्लाइट म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला कागदी घडीचा फोल्डस्कोप २०१४ पासून बराच गाजला. १४० पट वर्धन, दोनेक मायक्रॉनपर्यंतची नजर आणि खिशात मावणारा. शाळेसाठी त्याच्यासारखी वस्तू नाही. पण त्यातही उजेड आरपारच लागतो, म्हणून पात्यासाठी तो कामाचा नाही. कापसासाठी मात्र आहे, त्याकडे पुढे येतो.

पोलाद घासून आरसा करणं हे ऐकायला सोपं काम आहे. प्रत्यक्षात इथेच निम्मे नमुने वाया जातात. पात्याचा दहा-पंधरा मिलिमीटरचा तुकडा कापताना कोरडा ग्राइंडर चालवला की कड निळी पडते. निळी म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि आतली रचना बदलली. आता जे दिसेल ते ग्राइंडरने केलेलं असेल, लोहाराने किंवा कारखान्याने केलेलं नव्हे. म्हणून कापताना पाण्याची सततची धार हवी. तुकडा बॅकेलाइटच्या गोल गोळीत बसवतात, ते साधारण १५० ते १८० अंशांवर दाब देऊन होतं. ज्या नमुन्याला एवढी उष्णताही चालणार नाही त्याला खोलीच्या तापमानाला जमणारं इपॉक्सी लावायचं आणि रात्रभर थांबायचं.

मग सिलिकॉन कार्बाइडचे पेपर, खरखरीतापासून बारकाकडे: १८०, ३२०, ६००, ८००, १२००. प्रत्येक पेपरवर घासण्याची दिशा एकच, आणि पेपर बदलला की नमुना काटकोनात फिरवायचा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे तेव्हाच कळतं. प्रत्येक टप्प्यानंतर नमुना आणि हात दोन्ही धुवायचे. नमुना सगळेच धुतात, हात कुणी धुवत नाही, आणि १८० च्या पेपरचा एक कण नखातून शेवटच्या मखमली कापडावर पडला की ते कापड फेकावं लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात खिडकी उघडी राहिली तर धुळीतला क्वार्ट्झचा कण तेच काम करतो. क्वार्ट्झ कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतो. भंडारा-गडचिरोलीच्या वाळूमिश्र जमिनीत पाती लवकर झिजतात, तेही याच कणाचं काम.

शेवटी हिऱ्याची पेस्ट, ६ मायक्रॉन, ३ आणि मग १. फार जोर लावला तर मऊ भाग खोल जातो, कठीण भाग वर राहतो, कडा गोलावतात. एकाच दिशेने फार वेळ धरलं तर प्रत्येक लहान भोकामागे धूमकेतूसारखी शेपटी ओढली जाते. नवशिका त्या शेपट्या पाहून पोलादात अशुद्धीच्या ओळी आहेत असा अहवाल लिहितो.

आरसा झाल्यावर त्यात काहीच दिसत नाही, नुसती पांढरी चकाकी. मग नायटल. ९८ मिलिलिटर इथेनॉलमध्ये २ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल, आणि क्रम कायम हाच की आम्ल अल्कोहोलमध्ये, हळूहळू, ढवळत. पाच टक्क्यांपुढचं मिश्रण करून झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, त्याचा स्फोट होऊ शकतो. चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उघड्या वाटीतलं इथेनॉल उडत राहतं आणि दोन टक्क्यांचं द्रावण आपोआप तिखट होतं, म्हणून रोज लागेल तेवढंच करावं. नमुना बुडवायचा, पाच-दहा सेकंदांत चकाकी मंद झाली की लगेच काढून अल्कोहोलने धुवायचा आणि गरम हवेने वाळवायचा. आरशावर श्वास टाकल्यासारखी झाक आली की पुरे. जास्त वेळ राहिला तर सगळं करपल्यासारखं काळं, आणि मग पुन्हा एक मायक्रॉनच्या कापडावर परत.

आता वरून उजेड टाकला की पात्याची जन्मपत्रिका उघडते. सुयांसारखी जाळी म्हणजे मार्टेन्साइट, विझवून, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक झालेलं पोलाद. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा भाग म्हणजे पर्लाइट, सावकाश थंड झालेलं. नुसतं पांढरं म्हणजे फेराइट, कार्बन जवळपास नाहीच, मऊ.

गावच्या लोहाराकडची वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, इथे जास्त बोलकी निघते. ती बहुधा मोडीतल्या ट्रकच्या कमानपट्ट्यातून घडवलेली असते. ते पोलाद चांगलं, त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन, शिवाय सिलिकॉन किंवा क्रोमियम. लोहार ती लाल करतो, घडवतो, पाणी पाजतो. पाणी जास्त चढलं की पास फुटते, कमी चढलं की धार वळते, हे त्याचं शास्त्र आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. पण कमानीच्या जातीचं पोलाद तेलात विझवण्यासाठी केलेलं असतं. पाण्यात ते इतक्या झपाट्याने थंड होतं की पृष्ठभाग आणि गाभा यांची ओढाताण होऊन केसासारखी भेग पडते. ती डोळ्याला दिसत नाही, नायटलनंतर शंभर पटीला स्पष्ट दिसते. दुसरी खोड भात्याची. पास दहा-बारा वेळा भट्टीत जाते आणि दर वेळी कोळशापेक्षा वारा जास्त लागला तर पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. सूक्ष्मदर्शकात कडेला दोन-तीन दशांश मिलिमीटरची पांढरी पट्टी दिसते आणि आत गडद सुया. बाहेरची कातडी मऊ, गाभा कडक. धार लावली की पहिल्या दिवशी ती मऊ कातडीच झिजते आणि लोक म्हणतात, लोखंड खोटं निघालं. लोखंड खरं होतं, कातडी जळाली होती. एक-दोन मिलिमीटर घासून टाकून धार खालच्या थरात काढली तर तीच पास टिकते.

आणखी एक उपाय फुकट आहे, चुंबक. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. तापलेल्या पाशीला चुंबक लावून पाहायचा, सुटला की अजून थोडं तापवायचं, एवढंच, आणि विझवायचं. रंगावरून अंदाज करताना भर उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि लोहार शंभर-दीडशे अंश जास्त तापवून बसतो. जुने लोहार सावलीत भट्टी लावायचे त्याला कारण होतं.

पास किती तापली होती हे पास विझून गेल्यावर वर्षांनीही कळू शकतं का? दहा-पंधरा वर्षांपूर्वी याचं उत्तर आम्लाच्या वेगवेगळ्या मिश्रणांनी, नशिबाच्या भरवशावर मिळायचं. आता ईबीएसडी या तंत्राने ते बऱ्यापैकी भरवशाने मिळतं, आणि नव्या तंत्रांत व्यवहाराला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं तंत्र माझ्या मते हेच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहणाऱ्या यंत्रात, नमुना ७० अंश कलता ठेवतात. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत एकेका बिंदूवर टेकतो आणि तिथल्या स्फटिकाच्या ठेवणीप्रमाणे मागच्या पडद्यावर पट्ट्यांचं जाळं उमटतं, रांगोळीच्या ठिपक्यांतून रेघा जाव्यात तसं. सेकंदाला हजारो बिंदू. प्रत्येक बिंदूचा स्फटिक कुठे तोंड करून आहे ते कळतं आणि नकाशा रंगतो. मार्टेन्साइटच्या सुया कशाही पसरलेल्या वाटल्या तरी त्या ज्या मूळ कणातून जन्मल्या त्याच्याशी त्यांचे कोन ठरलेले असतात. संगणक ते कोन उलटे जुळवत जातो आणि विझवण्याच्या क्षणी मूळ कण केवढे होते ते काढून देतो. कण १०-२० मायक्रॉनचे असतील तर तापमान बेताचं होतं. शंभराच्या पुढे गेले असतील तर भट्टी फार तापली होती, आणि खडीसाखरेसारखी तुटलेली कड कुठून आली ते कळलं.

अडचण एकच आणि ती पुन्हा घासण्याचीच. हे पट्ट्यांचं जाळं पृष्ठभागाच्या वरच्या काही दशक नॅनोमीटरमधून येतं. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. एक मायक्रॉनच्या हिऱ्याने आरसा झाला तरी त्या थरातले स्फटिक चेंगरलेले असतात, पडद्यावर धुकं येतं. म्हणून शेवटी कोलॉइडल सिलिकावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सिलिकाच्या अतिबारीक कणांवर, थरथरत्या तबकडीत, कधी कधी रात्रभर पॉलिश करावं लागतं. रात्री लाइट गेली आणि तबकडी थांबली तर सिलिका नमुन्यावर वाळून काचेसारखी घट्ट बसते. ती काढायला सकाळी सगळं पुन्हा. विदर्भातल्या भारनियमनाचा मायक्रोस्कोपीशी असा थेट संबंध आहे.

बाजारात बोरॉन स्टीलची पाती म्हणून जास्त भावाने विकली जातात त्यांचीही गंमत इथेच सांगायला हवी. त्यात बोरॉन असतो किती? वजनाच्या दहा लाख भागांत साधारण २० ते ३० भाग, म्हणजे किलोभराच्या पात्यात २०-३० मिलिग्रॅम. तेवढ्याने पोलाद आतपर्यंत कडक होतं, कारण बोरॉनचे अणू कणांच्या सांध्यांवर जाऊन बसतात आणि मऊ फेराइट तिथे जन्मू देत नाहीत. पण पोलादात मोकळा नायट्रोजन राहिला तर बोरॉन त्याच्याशीच संसार थाटतो आणि सांध्यांपर्यंत पोचतच नाही. म्हणून नायट्रोजनला गुंतवून ठेवायला थोडं टायटॅनियम घालतात. रासायनिक तपासणीत दोन्ही पात्यांत बोरॉन तेवढाच येईल, एक कडक आणि दुसरं आतून मऊ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या नेहमीच्या क्ष-किरण तपासणीला एवढा विरळ बोरॉन दिसतच नाही. तो दिसतो अ‍ॅटम प्रोबमध्ये. तिथे पोलादाची ५० ते १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या टोकाची सुई करतात, ती उणे दोनशे अंशांच्याही खाली थंड करतात आणि विजेच्या किंवा लेसरच्या झटक्यांनी तिच्या टोकावरून एकेक अणू उडवून तो पडद्यावर पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. वेळेवरून अणू कुठला ते कळतं, जागेवरून तो कुठे होता ते. सगळेच अणू पकडले जात नाहीत, बरेचसे निसटतात. आणि सुई निम्म्या वेळा मध्येच मोडते, त्यातही नेमकी कणांच्या सांध्यावर, जिथे आपल्याला पाहायचं असतं.

ती सुई करायला आयनांचा झोत वापरतात, एफआयबी. गॅलियमचे आयन ३० हजार व्होल्टने आदळून कोरीव काम होतं. आधी जागेवर प्लॅटिनमचा थर, दोन्ही बाजूंनी चर, मग १५ मायक्रॉन लांबीची पातळ फळी उचलून तिचा तुकडा गोल तासत सुईचं टोक शेवटी शंभर नॅनोमीटरच्या खाली आणायचं. शेवटचा हात दोन-पाच हजार व्होल्टचा, नाहीतर पृष्ठभागावर मोडलेल्या अणूंचा गाळ राहतो. अ‍ॅल्युमिनिअमला गॅलियम चालत नाही, ते त्याच्या सांध्यांत शिरून ते ठिसूळ करतं. तिथे झेनॉनच्या प्लाझ्माचा झोत घेतात, तो कोरतोही कितीतरी भराभर.

आता माती आणि कापूस. लोखंड निर्वात जागी बिचारं गप्प बसतं, ही दोघं बसत नाहीत. साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात आत हवा नसते. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट पाणी धरून फुगतं आणि पाणी गेलं की आकसतं, उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळेच. निर्वात करताच नमुन्यातलं पाणी उडतं आणि आपण ओल्या मातीचं म्हणून जे चित्र काढतो ते मे महिन्यातल्या मातीचं असतं. या खोट्या चित्रांवरून बरीच पानं भरली गेली आहेत. त्यावर दोन उपाय. एक, नमुना पाच अंशांवर ठेवून आत सुमारे ८७० पास्कल पाण्याची वाफ सोडायची. त्या तापमानाला तेवढ्या दाबात पाणी उडत नाही, माती ओली राहते, चित्र थोडं धूसर येतं. दुसरा, नमुना उणे २१० अंशांच्या नायट्रोजनच्या लगद्यात एकदम गोठवून गोठलेलाच पाहायचा. यात गोठण्याचा वेग कमी पडला तर बर्फाचे स्फटिक वाढून मातीत नवीन पोकळ्या तयार करतात, आणि त्या मातीच्या मूळ पोकळ्या आहेत असं वाटतं.

कापसाचं दुखणं वेगळं. तंतू वीज वाहून नेत नाही, इलेक्ट्रॉन त्यावर साचतात आणि चित्रात पांढरे भडके उठतात, तंतू हलतोसुद्धा. पाच-दहा नॅनोमीटर सोन्याचा मुलामा दिला की शांत होतो, पण मग तंतूवरचं मेणाचं पातळ आवरण त्याखाली झाकलं जातं. नव्या यंत्रांत हजार व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबाने पाहता येतं आणि मुलाम्याची गरज पडत नाही. ही सुधारणा कुणी बातमीत लिहीत नाही, पण रोजच्या कामात अणू दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा तिचा उपयोग मोठा.

आणि खरं सांगायचं तर कापसाचा दर्जा कळायला एवढं यंत्र लागतच नाही. तंतू विंचरून काचपट्टीवर समांतर ठेवा, वर झाकणकाच, कडेने १८ टक्के कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडा. हातमोजे आणि चष्मा घालून, कारण तो कातडी जाळतो. दोन-तीन मिनिटांत पक्के तंतू फुगून गोल काठीसारखे होतात. कच्चे तंतू चपट्या फितीसारखे, पिळलेलेच राहतात. दीडशेच्या आसपास पट वर्धन पुरे, म्हणजे फोल्डस्कोपच्या टप्प्यात. दोन-तीनशे तंतू मोजले की टक्केवारी निघते. कापसाच्या तंतूची भिंत बोंड पिकताना रोज थराथराने भरत जाते, आणि गुलाबी बोंडअळीने ते भरणं मध्येच थांबलं की उरते ती कवडी. ती रंगवताना रंग धरत नाही, सुतात गाठी होतात. व्यापारी बोटांनी चोळून भाव पाडतो ते याच चपट्या फितींमुळे. त्याच्या बोटांना ते कळतं, शेतकऱ्याच्या हातात मात्र दाखवायला कागद नसतो.

चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांची राख सूक्ष्मदर्शकात काचेच्या गोट्यांसारखी दिसते, काही गोट्या पोकळ, काहींच्या पोटात आणखी गोट्या. स्पंजसारखे वेडेवाकडे कण म्हणजे न जळलेला कोळसा. ही राख काँक्रीटमध्ये घालतात, आणि हा कोळसा जास्त असला तर काँक्रीटमध्ये घातलेली रसायनं तोच पिऊन टाकतो. क्ष-किरणांचं मायक्रो-सीटी, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनचं बारीक रूप, राखेच्या विटेचा, काँक्रीटचा, मातीच्या ढेकळाचा आतला पोकळपणा न कापता दाखवतं. हिशेब साधा, तुकड्याच्या रुंदीच्या हजाराव्या भागाएवढा बारकावा. दहा मिलिमीटरच्या ढेकळात दहा मायक्रॉन. जास्त बारकावा हवा असेल तर तुकडा लहान करा. पोलादात हे किरण फार आत शिरत नाहीत.

सगळ्यात टोकाला फोर-डी स्टेम आहे, तीही इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहण्याचीच रीत. झोताच्या प्रत्येक बिंदूला विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचं अख्खं चित्र साठवायचं. २५६ गुणिले २५६ बिंदू, प्रत्येक बिंदूचं चित्रही तेवढंच, दर ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका नमुन्याचे साडेआठ जीबी. त्यातून टायकोग्राफी नावाची आकडेमोड करून २०२१ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने अणू इतके स्पष्ट पाहिले की उरलेला धूसरपणा यंत्राचा नव्हता, अणूंच्या स्वतःच्या थरथरण्याचा होता. हे फार मोठं काम आहे. पात्याला त्याचा अजून उपयोग नाही.

चित्रं वाचायला आता संगणकाची शिकवलेली प्रणालीही मिळते. शंभर चित्रांतले कण ती मिनिटात मोजते, आणि घासताना राहिलेली रेघ ही कणाची सीमा समजून तितक्याच वेगाने चुकते. दाणेदार चित्र साफ करून देणाऱ्या प्रणालीवर तर माझा फारसा विश्वास नाही. जिथे काही नव्हतं तिथेही ती आधी पाहिलेल्यासारखं काहीतरी काढून देते. माणूसही चुकतो म्हणा. फटीगच्या बारीक रेघा शोधताना उघड्या पडलेल्या पर्लाइटच्या पट्ट्याच रेघा म्हणून मोजल्याचे अहवाल कमी नाहीत, आणि कडक मार्टेन्साइटमध्ये त्या रेघा बहुधा उमटतच नाहीत हे माहीत नसलं की त्या दिसेपर्यंत वर्धन वाढवत नेलं जातं.

ही यंत्रं गावात येणार नाहीत, तुकडाच त्यांच्याकडे जातो. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे, आणि देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांतली कुठली यंत्रं बाहेरच्यांना वापरता येतात ते २०२० साली सुरू झालेल्या आय-स्टेम या पोर्टलवर पाहता येतं. तुकडा पाठवताना खुणा तुटलेल्या कडेपासून लांब करा, ऑइल पेंटने किंवा मार्करने, पंच मारून नव्हे. पातं कुठल्या दिशेने फिरत होतं त्याचा बाण. मातीकडची बाजू कोणती. किती एकर चाललं. आधी वेल्डिंग झालं होतं का, कुठे. आणि त्याच सेटमधलं एक न तुटलेलं पातंही सोबत द्या. ते चांगलं आहे, कामाचं आहे, म्हणून कुणी देत नाही. पण तुलनेला काहीच नसलं की प्रयोगशाळेतला माणूस तुटक्या पात्यात जे दिसेल त्यालाच कारण ठरवतो.